माझ्या रिपोर्टवर बसलेला माणूस

माझे रिपोर्ट मगदूम सर वाचत नसत, त्यांच्यावर बसत. रागाच्या भरात मी वाढवून सांगते आहे असं कुणाला वाटेल, म्हणून नीटच सांगते. पेशंट आत आला की सर त्याच्या हातातली फाईल घेत, न उघडता आपल्या खुर्चीवर ठेवत आणि तिच्यावर ऐसपैस बसत. मग म्हणत, "कागद जरा गरम हूं दे. तवर तू बोल. कवापासनं दुखतंय?"

त्या फाईलमध्ये बहुतेक वेळा माझा रिपोर्ट असे. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे लोकांच्या भाषेत सोनोग्राफीवाली बाई. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं सेंटर आहे, सरांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. एकेक ओळ तोलूनमापून लिहायची, मिलिमीटरसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टानं कमावली आहे. ते सगळे कष्ट हा माणूस बुडाखाली घ्यायचा. एकदा तर मी समोर बसलेली असताना त्यांनी माझ्याच रिपोर्टवर बैठक मारली आणि वर मलाच विचारलं, "चहा घेणार?" अशा माणसाशी काय बोलायचं तुम्हीच सांगा.

सर मूळचे शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठच्या एका गावचे. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस आणि चार म्हशी. अंगानं आडदांड, रंगानं काळे, आणि हात नांगर धरणाऱ्याचे. पण त्या हातांनी ते पोट असं तपासत की पेशंटला वाटावं, डॉक्टर नुसता हात ठेवून गप्पा मारतोय. कॉलेजात ते आम्हाला सर्जरी शिकवत, म्हणून 'सर'. पुढे त्यांनी नोकरी सोडून दवाखाना काढला आणि ज्या पोटापुढे बाकीच्यांनी हात टेकले ते पोट सरांकडे यायला लागलं. वडगावचं, शिरोळचं, पार कर्नाटकाच्या सीमेपलीकडचं. कुणाचं दुखणं तीन वर्षांचं, कुणाचं सात. सोबत पिशवी भरून कागद. आणि त्या पिशवीला हात लावायच्या आधी सर तासभर नुसते ऐकत बसायचे.

तासभर म्हणजे खरोखर तासभर. बाहेर बाकड्यांवर माणसं तिष्ठत बसलेली असायची. एकदा मी काही कामासाठी गेले होते तेव्हा एक फेटेवाले पाहुणे वैतागून मला म्हणाले, "आत काय लगीन ठरवायलेत व्हय वो?" त्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी स्वतः आत सव्वा तास घेतला, तो भाग वेगळा. त्यात साडेपाच वाजले की सरांचं जेवण. सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे. घरून डबा येई, दार बंद होई, आणि बाहेरच्यांनी आढ्याकडे बघायचं. मी एकदा म्हटलं, "सर, निदान गर्दी असेल त्या दिवशी तरी." तर म्हणाले, "पोटाचा डॉक्टर हाय मी. पोटाला टाळून कसं चालंल?"

दुसरा ताप त्यांच्या बोटाचा. म्हणजे पेशंटच्या बोटाचा. 'पोटात दुखतं' असं म्हणून पेशंट सगळ्या पोटावरून हात फिरवतो, हे मी रोज बघते. सरांना ते चालत नसे. "पाची बोटांनी भाकरी खात्यात. दुखणं एका बोटानं दावत्यात," असं ते म्हणत, आणि पेशंट एक बोट एका जागी टेकवेपर्यंत पुढे सरकत नसत. बायका लाजायच्या, म्हातारे चिडायचे. सर ढिम्म. मग बोट टेकलं की ते कागदावर पोटाचं गोल चित्र काढून तिथे फुली मारायचे, आणि मला फोन यायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही. "डॉक्टरीणबाई, फुली मारून पाठवतोय. फुलीखाली बघ."

फुलीखाली बघायला मला काही हरकत नव्हती. पण फुल्या कुठे असाव्यात याला काही धरबंध? एकदा एका सत्तरीच्या, काडीसारख्या म्हातारीला पाठवलं आणि फुली होती गुडघ्यावर. चार महिने तिच्या गुडघ्याला तेलं चोळून झाली होती, गोळ्या झाल्या होत्या. सरांनी तिला फक्त एवढंच विचारलं होतं की गुडघ्यात कळ येते तेव्हा मळमळतं का. म्हातारी म्हणाली, मळमळतं की, उलटीबी हुती. झालं. "मांडीच्या मुळाशी, हाडाच्या भोकात बघ," असा मला हुकूम. मी मनातल्या मनात हात जोडले आणि सीटी काढला. कंबरेच्या हाडाला तिथे एक लहानसं भोक असतं, त्यातून गुडघ्याकडे जाणारी नस बाहेर पडते. म्हातारीच्या आतड्याचा एक तुकडा त्या भोकात अडकला होता आणि नस चेमटत होता. दुखणं पोटाचं, बोंब गुडघ्याची. एवढ्या वर्षांच्या कामात मी तोवर हे एकदाही पाहिलं नव्हतं. सरांनी दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. मला फोन केला तो अभिनंदनाचा नाही. "म्हातारी जेवली," म्हणाले आणि ठेवून दिला.

आता हा माणूस प्रत्येक वेळी बरोबर असता तर मी त्याच्या पाया पडून मोकळी झाले असते. पण तसंही नव्हतं. एका साखर कारखान्यातल्या कारकुनासाठी त्यांनी माझ्याकडून तीन तपासण्या करून घेतल्या. जेवल्यावर पोटात कळ, वजन कमी नाही, फुली बेंबीच्या वर. सरांना म्हणे एक रक्तवाहिनी दाबली गेल्याचा संशय होता, लाखात एखाद्याला होतं तसं. मी तीनदा शोधलं, डोळे फुटेस्तोवर. शेवटी कळलं की पोट सुटलं तरी लग्नातला कमरेचा पट्टा तो माणूस अट्टहासानं लग्नातल्याच भोकात लावत होता. मी सरांना फोनवर जे बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, "दाबलं जात हुतं का न्हाय? एवढं तरी बरोबर निघालं न्हवं?"

सुवर्णाची गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही, कारण तीत मी आहे.

सुवर्णा पेठ वडगावजवळच्या एका गावची सून. वय अठ्ठावीस, चार वर्षांची एक मुलगी, सिझरनं झालेली. दोन वर्षं तिचं पोट दुखत होतं. तीन-चार दिवस उठवायचं नाही, मग आपोआप थांबायचं, पुन्हा पुढच्या महिन्यात सुरू. माझ्याकडे ती तीनदा येऊन गेली होती, तीन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन. तिन्ही वेळा मी गर्भाशय पाहिलं, अंडाशयं पाहिली, मूत्रपिंडं, अपेंडिक्स, सगळं पाहिलं, आणि तिन्ही वेळा लिहिलं की सर्व काही नॉर्मल आहे. प्रामाणिकपणे लिहिलं. त्या नॉर्मलचं पुढे काय झालं? एका ठिकाणी 'मनाचं आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, बाकी सगळं नॉर्मल आहे तर पिशवीचंच असणार, काढून टाकू, कटकट मिटेल. तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार ठरलासुद्धा. अठ्ठावीस वर्षांच्या बाईची गर्भपिशवी. सुवर्णाला अजून एक मूल हवं होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून सासू तिला मगदूम सरांना दाखवायला घेऊन आली. दिवाळी नुकती सरली होती. मला फोन आला, "डॉक्टरीणबाई, तुझे तीन कागद खाली घेऊन बसलोय. वाईच येऊन जा." माझ्याकडे अकरा पेशंट बसले होते. मी चरफडत गेले.

सासू बोलत होती. ठसठशीत कुंकू लावलेली, आवाजाला खणखणीत बाई. "दर आमुशाला दुखतंय डॉक्टर. आमुशा आली की हिनं पोट धरलंच म्हणून समजा. कुणीतरी केलंय."

मला वाटलं, आता सर समजावतील की असं काही नसतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टेबलावर पसरलं आणि खिशातली लाल पेन्सिल बाहेर काढली. "बरं. ह्या दिवाळीच्या आमुशाला दुखलं?"

"न्हाय."

"त्याच्या आदल्या? सर्वपित्रीला?"

"न्हाय की. तवा उतारा टाकलाता आम्ही. त्यो लागू पडला."

"मग बरी झाली म्हणा की सून."

"कुठली बरी हुतीया? दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी पुन्यांदा सुरू."

"आन् गौरी-गणपतीत?"

सासूचा चेहरा उजळला. "गौरीत फुलावानी हुती बघा. घरात देव हुता न्हवं. गौरी-गणपती पोचवलं आन् तिसऱ्या दिशी धरलं पोट."

सर एकेक पान उलटून लाल गोल करत होते. मी घड्याळाकडे बघत होते. माझे अकरा पेशंट, कॅलेंडर वाचणारा सर्जन आणि उतारा टाकणारी सासू, यांत माझं काय काम आहे ते मला कळेना. सुवर्णा खाली मान घालून बसली होती. तिला अजून कुणी एक शब्द विचारला नव्हता.

"आज्जी," सर म्हणाले, "आमुशा जागची हालली का?"

"आमुशा कशी हालंल?"

"मग दुखणं का हाललं? श्रावणापतोर आमुशाला हुतं, आता एकादशी-बारशीवर आलंय. दोन आठवडं सरकलंय. आमुशाचं असतं तर तिच्यासंगंच ऱ्हायलं असतं न्हवं?" सरांनी पेन्सिल गौरीच्या दिवसांवर टेकवली. "देवाचं बाजूला ठेवा. हितं गौरीत तुम्ही हिला काय दिलतासा?"

सासूनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "गोळ्या दिलत्या. पुढं ढकलायच्या. हिची अडचण नेमकी गणपतीत येत हुती. घरची सून बाजूला बसल्यावर गौर कुणी आणायची? मेडिकलमधनं मीच आणल्या."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "अडचण पुढं गेली. दुखणंबी तिच्या मागनं पुढं गेलं." मग ते पहिल्यांदा सुवर्णाकडे वळले. "आक्का, तुझी पाळी आन् दुखणं एकदमच येतंय?"

"येतंय," ती म्हणाली. "पण पाळीत सगळ्यांचंच दुखतंय की. मला वाटलं त्यात काय सांगायचं."

"आता एका बोटानं दाव."

तिनं सासूकडे बघितलं, आणि मग साडीवरूनच डाव्या बाजूला, खाली, सिझरच्या टाक्यांच्या टोकाला बोट ठेवलं. "हितं. हितं गाठीवानी फुगतंय. म्हणून मी परकराची नाडी वर बांधते." सासूनं वळून तिच्या कमरेकडे पाहिलं. नाडी वर बांधते म्हणून ती सुनेला रोज बोलत असणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं ते मला माहीत नाही. त्या बोटाच्या जागेवरून माझं यंत्र तीनदा गेलं होतं. आतलं बघायच्या घाईत वरचं ओलांडून.

सरांनी सासूला समजेल असं सांगितलं. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं, ते दर महिन्याला सुटतं आणि पाळी येते. सिझरच्या वेळी त्या अस्तराचा कण कधीकधी वरच्या जखमेत चिकटून राहतो, हजारात एखादीला, आणि तिथेच रुजतो. पिशवीत पाळी आली की त्या कणालाही येते. त्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो फुगतो आणि ठणकतो. "पिशवीचा दोष न्हाय. पिशवी काढली तरी ही गाठ तशीच ऱ्हाणार. दुखणंबी तसंच ऱ्हाणार."

मी सुवर्णाला तिथल्या तिथे सेंटरवर नेलं आणि पुन्हा बघितलं. जुन्या टाक्याची जरा जाड जागा दिसली, बस्स. तेवढ्यावर मी काही लिहू शकत नव्हते, आणि तेवढ्यावर ठरलेलं ऑपरेशन कुणी थांबवणार नव्हतं. सर मागोमाग आले होते. म्हणाले, "बारशीला दुखणार. तुळशीच्या लग्नादिवशी. त्या दिवशी बघ."

"त्या दिवशी तिची पाळी असेल," मी म्हटलं.

"व्हय. म्हणूनच."

माझ्या सेंटरच्या दारात दोन बोर्ड होते. एक सरकारी, गर्भलिंगनिदान करत नाही असा. दुसरा आमचा : पाळी चालू असताना सोनोग्राफीसाठी येऊ नये. चादरी खराब होतात, बायका संकोचतात, म्हणून माझ्या रिसेप्शनवरच्या कवितानं तो सुचवला होता आणि मी हो म्हटलं होतं. आमच्या भागात बायका तशाही त्या दिवसांत कुठे जात नाहीत. बोर्डानं त्याला डॉक्टरी शिक्का मिळाला, एवढंच. सरांनी तो बोर्ड वाचला. दोनदा वाचला. "चोर आमुशाला येतोय, आन् तू पुनवंला राखणीला बसतीस," ते म्हणाले. मी उसळून म्हटलं की सगळीकडे असंच चालतं, मी काही एकटी नाही. "एकटी न्हाईस. पण तिला दोन वर्सं दुखत्या दिवशी भायेर ठिवणारा बोर्ड तुझाच हाय."

मला त्या वेळी त्यांचा इतका संताप आला होता की सांगता येत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

बारस गुरुवारी होती. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. सासू जाताना म्हणून गेली होती की घरात तुळशीचं लग्न, त्यात अडचणीतली बाई दवाखान्यात कशी न्यायची, बघू. तुळशीचं लग्न पुनवेपर्यंत कधीही लावता येतं असं सरांनी तिला सांगितलं होतं, पण एका जैन माणसानं सांगितलेलं तिला किती पटलं असेल कोण जाणे. गुरुवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी दर पाच मिनिटांनी बाहेर डोकावत होते. एवढ्या वर्षांत मी कुठल्या पेशंटची अशी वाट पाहिली नव्हती. ती आली नाही तर सोमवारी तिची पिशवी जाणार होती, आणि फाईलमध्ये वर माझे तीन कागद असणार होते.

चारच्या सुमाराला माणसं कोंबून आणणाऱ्या वडापच्या जीपमधून दोघी उतरल्या. सुवर्णा वाकून चालत होती, सासूनं तिचा दंड धरला होता. दारापाशी येऊन सुवर्णा थांबली. बोर्ड वाचला आणि पाय मागे घेतला. "बाई, मी भायेरच थांबते. मला आज..."

"कविता, तो बोर्ड काढ," मी म्हटलं. कविता म्हणाली, "मॅडम, उद्या काढते, स्टूल लागेल." मी माझी खुर्ची उचलून नेली, तिच्यावर चढले आणि बोर्ड खिळ्यासकट उपसला.

या वेळी वरवरचं बघायचं लहान यंत्र लावलं. त्वचेखाली, पोटाच्या स्नायूत, टाक्यांच्या डाव्या टोकाला सुपारीएवढी काळी गाठ. मी किंचित दाबलं तर सुवर्णानं माझं मनगट घट्ट धरलं. "हेच," म्हणाली. "हेच, बाई." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते दुखण्यापेक्षा वेगळ्या कशाचं होतं, दोन वर्षांनी कुणाला तरी दिसलं त्याचं. सासू तोंडाला पदर लावून पडद्यावर बघत उभी होती. "दिसतंय की वो," एवढंच तिला बोलता आलं.

चार ओळींचा रिपोर्ट लिहिला आणि मी स्वतः तो घेऊन दोन गल्ल्या चालत सरांकडे गेले. त्यांनी हातात घेतला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. "तू सांग," म्हणाले. मी सांगितलं.

सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. पुढच्या आठवड्यात सरांनी ती गाठ आजूबाजूच्या मांसासकट काढली, पोटाची भिंत शिवली, गाठ तपासायला पाठवली. सर म्हणाले तेच निघालं. पिशवी जागच्या जागी राहिली. पुढची पाळी आली आणि गेली, सुवर्णा शेतात जाऊन आली.

मग एके दिवशी सासू माझ्या सेंटरवर नव्या गुळाची ढेप घेऊन हजर. "सर म्हणाले, आमच्या सोनोग्राफीच्या बाईंनी शोधलं. मशीनमधी दिसलं म्हणून पिशवी वाचली." बाकड्यांवरचे सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मी ती ढेप उचलली आणि तशीच सरांच्या टेबलावर नेऊन आदळली. खोटं का सांगितलंत म्हणून विचारलं.

"कुठलं खोटं? तुला दिसली का न्हाय गाठ?"

"चौथ्यांदा दिसली, सर."

"मग चौथ्यांदाचंच सांगितलं मी. पैल्या तीनदाचं तिनं इचारलं न्हाय." ढेपेचा कोपरा फोडून त्यांनी तोंडात टाकला. "म्हातारीनं आमुशा सोडाय पायजे हुती, बाई. माझ्या तोंडाच्या वाफंवर सोडली नसती. पडद्यावर दिसलं म्हणून सोडली. बस आता. गूळ चांगलाय."

गेल्या वैशाखात सर गेले. गावी ऊस बघायला गेले होते, बांधावर बसले, छातीत कळ आली आणि संपलं. आयुष्यभर पोटाच्या वाटा धुंडाळणाऱ्या माणसाला छातीनं नेलं, आणि तेही विचारायला वेळ न देता. त्यांच्या शेवटच्या कार्याला गेले तेव्हा गावातल्या माणसांत बसून मी मुसमुसत होते, आणि मनात मात्र भांडत होते. माझी त्यांच्याशी अजून किमान तीन भांडणं बाकी होती. एवढी वर्षं फुल्या मारून पाठवल्या, एकदाही 'छान बघितलंस' म्हणाले नाहीत, हे त्यातलं पहिलं.

दोन महिन्यांनी सुवर्णा आली. एकटीच. परकराची नाडी जिथे असायला हवी तिथे. तिसरा महिना लागला होता. मी यंत्र ठेवलं, बाळाचे ठोके तिला ऐकवले, जुन्या टाक्यांची जागा दोन्ही टोकांपर्यंत सावकाश बघितली. सगळं स्वच्छ होतं. ती हसत होती आणि मला ते हसणं सोसवेना. सासूच्या गुळासारखंच ते माझ्या नावावर भलतंच काही जमा होत होतं.

"सुवर्णा, तुला एक सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "तुझी गाठ मी शोधली नव्हती. मी तीनदा चुकले होते. माझ्या त्या रिपोर्टांमुळेच तुझी पिशवी जायची वेळ आली होती."

"ठावं हाय की, बाई," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सरांनी. टाकं काढाय गेलते तवा. म्हणाले, सासूला सांगू नगंस. आमची बाई तीनदा चुकलीया, आता ती तुझं पोट जन्मात इसरायची न्हाय. पुढं काय बी असू दे, तिच्याकडंच जा. तिच्यावानी बघणारी आता कोल्हापुरात दुसरी न्हाय." तिनं साडी नीट केली. "म्हणून तर आले."

मेल्यावरसुद्धा हा माणूस मला सुखानं रागावू देणार नव्हता. रिपोर्ट छापून आला. सुवर्णानं घ्यायला हात पुढे केला. मी तो खुर्चीवर ठेवला, त्यावर बसले आणि म्हटलं, "थांब. आधी तू सांग. आणखी कुठं काही दुखतंय का?"

बाहेर नऊ जण खोळंबले होते. खोळंबू देत.